आधी तारीख, मग जनुक

१९८१ च्या मे अखेरीस क्युबाच्या राजधानीत, हवानात, डेंग्यूची अशी साथ सुरू झाली की तशी अमेरिका खंडाने पूर्वी पाहिली नव्हती. हाडे मोडून काढणारा, पण आठवड्याभरात उतरणारा ताप क्युबाच्या लोकांना चार वर्षांपूर्वीच माहीत झाला होता. या खेपेला मात्र ताप उतरू लागला की मुलांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागे, पोटात आणि छातीत पाणी साचे, नाडी क्षीण होई आणि रक्तदाब कोसळे. ऑक्टोबरात साथ संपली तोवर ३,४४,२०३ रुग्णांची नोंद झाली होती. १,१६,१४३ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, १०,३१२ जणांचा आजार गंभीर ठरला आणि १५८ जण दगावले. त्यांत १०१ मुले होती. फिडेल कॅस्ट्रो यांनी २६ जुलैच्या भाषणात या साथीमागे अमेरिकेचा हात असल्याचा संशय जाहीरपणे बोलून दाखवला. तो कधीच सिद्ध झाला नाही. त्या गदारोळात रुग्णालयांच्या कागदपत्रांतली एक नोंद सुरुवातीला फारशी कोणाच्या लक्षात आली नाही: गंभीर रुग्णांमध्ये गोऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त होते आणि कृष्णवर्णीयांचे कमी. एकाच शहरात, एकाच डासाने, एकाच विषाणूने गाठलेली माणसे, तरी काहींचे शरीर त्या विषाणूला वेगळ्या रीतीने सामोरे गेले होते. या नोंदीवर पुढची साडेतीन दशके संशोधन चालले. ही नोंद खरी आहे असे मला वाटते. पण तिच्यावर विश्वास ठेवता येतो तो क्युबातल्या डेंग्यूचा इतिहास तारखांसह माहीत आहे म्हणूनच. हा इतिहास बाजूला ठेवून जनुकांकडे धाव घेणाऱ्याच्या हाती या रोगात चुकीचे उत्तर येते.

तारखांना एवढे महत्त्व का, हे समजायला विषाणूकडे पाहावे लागते. डेंग्यूचा विषाणू एक नाही, चार आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, किमुरा आणि होत्ता या जपानी शास्त्रज्ञांनी नागासाकीच्या साथीत पहिला विषाणू वेगळा काढला. पुढच्या वर्षी अल्बर्ट सेबिन यांनी अमेरिकी सैनिकांच्या रक्तातून विषाणू मिळवले आणि त्यांत दोन वेगळे प्रकार आहेत हे दाखवून दिले. तिसरा आणि चौथा प्रकार विल्यम हॅमन यांना १९५६ मध्ये मनिलाच्या साथीत सापडला. एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेला की त्या प्रकारापासून माणूस बहुधा जन्मभर सुरक्षित राहतो. इतर तिघांपासूनचे संरक्षण मात्र काही महिनेच टिकते. १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये काम करताना स्कॉट हॉलस्टेड यांच्या ध्यानात आले की गंभीर डेंग्यू बहुतेक वेळा दुसऱ्या संसर्गात होतो. पहिल्या प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट त्या जोडगोळीला पांढऱ्या पेशी आपल्या आवरणावरच्या ग्राहींमधून आत घेतात आणि विषाणूला वाढायला आयते घर मिळते. तान्ह्या बाळांमध्येही गंभीर आजार दिसतो, कारण त्यांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असतात. म्हणजे एखाद्या माणसाचा डेंग्यू किती गंभीर होईल हे त्याला आधी कोणता प्रकार झाला, त्यानंतर कोणता आणि मध्ये किती वर्षे गेली यावर फार अवलंबून असते. बँकॉक, मनिला किंवा आपल्याकडच्या शहरांत चारही प्रकार वर्षानुवर्षे एकत्र वावरतात. तिथे कोणाला कधी काय होऊन गेले याचा पत्ता लागत नाही. अशा ठिकाणी दोन समूहांत फरक दिसला तर तो वारशाचा की पूर्वीच्या संसर्गाचा, हे वेगळे करणे जवळपास अशक्य असते.

क्युबात ते शक्य झाले, कारण तिथे डेंग्यू ठरावीक वर्षी आला आणि ठरावीक वर्षी गेला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर काही दशके तो बेटावर जवळजवळ नव्हता. १९७७ मध्ये पहिला प्रकार शिरला आणि पाच लाखांवर लोक आजारी पडल्याची नोंद झाली. आजार सौम्य होता. त्यानंतरच्या रक्त तपासणीत सुमारे ४५ टक्के लोकांना हा संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. १९७७ पूर्वीची प्रतिपिंडे तीन टक्क्यांहूनही कमी लोकांत होती. १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला आणि वर सांगितलेला अनर्थ घडला. त्यानंतर सरकारने एडिस इजिप्ती डासाविरुद्ध घरोघर जाऊन मोहीम राबवली आणि सोळा वर्षे बेटावर डेंग्यूचा संसर्ग जवळपास थांबला. १९९७ मध्ये पूर्वेकडच्या सांतियागो दे क्युबा शहरात दुसरा प्रकार पुन्हा उगवला. या वेळी गंभीर रुग्ण २०५ होते आणि १२ जण दगावले, तेही सगळे प्रौढ. मुले सुटली, कारण पहिल्या प्रकाराची साथ संपल्यानंतर ती जन्मली होती. त्यांच्या रक्तात घात करणारी जुनी प्रतिपिंडे नव्हती. कोणाच्या शरीरात कोणता संसर्ग कोणत्या वर्षी झाला असेल हे जन्मतारखेवरून सांगता यावे, अशी परिस्थिती डेंग्यूच्या इतिहासात फार क्वचित आली आहे. हवानाच्या पेद्रो कौरी संस्थेतल्या गुस्ताव्हो कौरी आणि मारिया ग्वादालुपे गुस्मान यांनी तिचे मोल ओळखले. आपल्या देशावरचे संकट त्यांनी इतक्या शिस्तीने नोंदवून ठेवले की जगभरच्या संशोधकांना आजही त्या नोंदींकडे वळावे लागते.

१९८७ मध्ये या गटाने गंभीर डेंग्यूची जोखीम वाढवणाऱ्या गोष्टींची छाननी प्रसिद्ध केली. दुसरा संसर्ग ही त्यांतली मुख्य गोष्ट. त्याखेरीज दमा, मधुमेह, सिकलसेल आणि गोरा वर्ण. शेवटच्या गोष्टीवर लगेच शंका येते: गोऱ्यांना डासच जास्त चावले असतील, किंवा पहिला संसर्ग त्यांच्यातच जास्त पसरला असेल. हवानाच्या सेरो भागातल्या रक्त तपासणीने या शंकेला उत्तर दिले. पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही प्रकारांचा संसर्ग गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांत सारख्याच प्रमाणात झाला होता. फरक होता तो संसर्गानंतर शरीराने काय केले यात. १९९७ मध्ये सांतियागोत, वेगळ्या शहरात आणि वेगळ्या वयोगटात, तोच कल पुन्हा दिसला. पुढे पहिला संसर्ग होऊन गेलेल्या निरोगी क्युबन लोकांच्या रक्तपेशी प्रयोगशाळेत विषाणूसमोर ठेवून पाहिल्या, तेव्हा युरोपीय वंशाच्या लोकांच्या स्मृतिपेशींची प्रतिक्रिया अधिक जोरकस निघाली. डेंग्यूत हा जोर घातक ठरू शकतो. रक्तवाहिन्यांची गळती बहुतांशी विषाणूच्या थेट माऱ्याने होत नाही. प्रतिकारयंत्रणेने सोडलेल्या रसायनांच्या लोंढ्याने होते, आणि तीही विषाणू ओसरू लागल्यावर.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो इतिहासाचा आहे. कृष्णवर्णीयांना अमुक रोग होत नाही हे विधान नवे नाही, आणि त्याने पूर्वी माणसे मारली आहेत. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७८० च्या साथीतल्या हाडमोड्या तापाचे वर्णन लिहिले. डेंग्यूच्या इतिहासात ते पहिल्या विश्वासार्ह वर्णनांपैकी एक मानले जाते. याच रश यांनी १७९३ मध्ये शहरात पीतज्वर पसरला तेव्हा कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही असे मानले आणि तिथल्या मुक्त आफ्रिकन समाजाला रुग्णसेवेसाठी पुढे येण्याचे आवाहन केले. ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांच्या नेतृत्वाखाली त्या समाजाने शुश्रूषेचे आणि प्रेते वाहून नेण्याचे काम केले. नंतर त्यांनी स्वतःच हिशोब मांडला: १७९२ मध्ये शहरात त्यांच्यातले ६७ जण पुरले गेले होते, १७९३ मध्ये ३०५. एवढी मोठी चूक उघडी पडूनही ती कल्पना मेली नाही. १८९८ मध्ये अमेरिकेने क्युबात स्पेनशी युद्ध केले तेव्हा रोगापासून मुक्त समजल्या जाणाऱ्या लोकांच्या खास पलटणी उभारल्या गेल्या, आणि त्यांतल्या काही कृष्णवर्णीय सैनिकांच्या होत्या. सांतियागोजवळच्या सिबोनेय येथील पीतज्वराच्या इस्पितळात २४ व्या पायदळ पलटणीतल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी शुश्रूषा केली. त्यांच्यातले बरेच आजारी पडले, काही मेले. गुलामांच्या व्यापाराला नैतिक मुलामा देण्यासाठीही हीच समजूत वापरली गेली होती: उष्ण प्रदेशातले मळे ज्यांना निसर्गानेच सोसतात, त्यांच्याकडून ते कसून घेतले तर काय बिघडले? त्यामुळे विसाव्या शतकाच्या शेवटी क्युबातून पुन्हा वर्ण आणि रोग यांची जोडी कागदावर आली, तेव्हा इतिहासकार अस्वस्थ झाले. त्यांची अस्वस्थता योग्य होती.

तरीही मला हे दोन दावे एकाच तराजूत टाकता येत नाहीत. रश यांच्याकडे संसर्ग मोजण्याचे साधन नव्हते. पीतज्वर ज्यांना बालपणी होऊन गेला ते मोठेपणी सुरक्षित असतात, आणि आफ्रिकेतून किंवा कॅरिबियनमधून आलेल्या अनेकांना तो होऊन गेलेला असू शकतो. ही मिळवलेली प्रतिकारशक्ती त्या काळच्या लोकांनी जन्मजात समजली. म्हणजे चूक झाली ती तारीख न पाहिल्याने. क्युबात आधी तारीख पाहिली, संसर्ग मोजला, आणि मगच उरलेल्या फरकाकडे बोट दाखवले. शिवाय रोग होतच नाही असा क्युबाचा दावा नव्हताच. विषाणू सर्वांना सारखाच लागला हे त्याचे पहिले वाक्य होते. गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांची नोंदच झाली नसेल, ही शंका दुसऱ्या एखाद्या देशाबाबत मी सहज मान्य केली असती. पण ज्या साथीत लाखाच्या वर लोकांना मोफत दाखल करून घेतले गेले, तिथे ती टिकत नाही. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरातल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्वचेच्या रंगाऐवजी प्रत्येकाच्या जनुकीय वंशावळीचे प्रमाण मोजले, आणि आफ्रिकी वारशाचा अंश वाढला की गंभीर डेंग्यूची शक्यता घटते हे तिथेही दिसले. त्याच अभ्यासात उत्पन्नाशीही गंभीर आजाराचा संबंध आढळला. समाज आणि जनुक यांतले एकच खरे मानायची सक्ती कोणी केलेली नाही.

हैतीचे उदाहरण यापेक्षा जास्त भुरळ घालते, आणि म्हणूनच ते जपून हाताळावे लागते. हॉलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्त-ओ-प्रँस इथल्या शाळकरी मुलांचे रक्त तपासले आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८५ टक्के मुलांना डेंग्यूच्या दोन किंवा अधिक प्रकारांचा संसर्ग होऊन गेला होता. आशियात अशा प्रमाणात गंभीर रुग्णांनी वॉर्ड भरून गेले असते. हैतीत मात्र रक्तस्रावी, म्हणजे गंभीर, डेंग्यूची साथ कोणाला ठाऊक नव्हती. आफ्रिकी वंशाची लोकसंख्या हे त्याचे स्पष्टीकरण म्हणून पुढे आले. पण हैतीतली आरोग्यव्यवस्था इतकी मोडकी होती की विखुरलेले रुग्ण नजरेतून सुटले नसतील असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. दुसरी अडचण विषाणूच्या वाणाची, म्हणजे एकाच प्रकारातल्या उपप्रकारांची, आहे. पेरूतल्या इकितोस शहरात १९९० मध्ये पहिला प्रकार आला आणि १९९५ मध्ये दुसरा. हा क्रम क्युबासारखाच, आणि लोकसंख्या मुख्यत्वे आफ्रिकी वंशाची नाही. हजारो लोकांना दुसरा संसर्ग झाला, तरी रक्तस्रावी डेंग्यूचा एकही रुग्ण सापडला नाही. कारण तिथला दुसरा प्रकार जुन्या अमेरिकी वाणाचा होता, आणि पहिल्या प्रकाराची प्रतिपिंडे त्या वाणाला बऱ्यापैकी निष्प्रभ करतात. १९८१ मध्ये क्युबात आलेला दुसरा प्रकार आशियाई वाणाचा होता. म्हणून हैतीच्या पुराव्याला मी क्युबाच्या पंगतीत बसवणार नाही. माणसाचा वारसा आणि विषाणूचा वारसा हे दोन्ही जिथे एकदम बदलतात, तिथे एकट्या माणसाच्या जनुकांना श्रेय देणे घाईचे ठरते.

मग हा वारसा नेमका कशात असतो? जवळपास प्रत्येक पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते, म्हणजे टी पेशींना आत शत्रू शिरला आहे का ते कळते. हे काम करणाऱ्या एचएलए रेणूंची जनुके माणसागणिक वेगळी असतात. श्रीलंकेतल्या रक्तनमुन्यांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले की काही एचएलए प्रकारांमुळे डेंग्यूविरुद्ध टी पेशींचा प्रतिसाद व्यापक आणि कणखर होतो आणि असा प्रतिसाद संरक्षणाशी जोडलेला असतो. इतरांत तो दुबळा राहतो. २०११ मध्ये व्हिएतनामच्या मुलांवरचा मोठा अभ्यास आला. डेंग्यूच्या शॉकमध्ये गेलेली २,००८ मुले आणि तुलनेसाठी २,०१८ जण घेऊन संपूर्ण जनुकसंच चाळला, तेव्हा दोन जागा ठळक झाल्या. एक एमआयसीबी: संकटात सापडलेली पेशी या रेणूच्या रूपाने जणू हात वर करते आणि मारक पेशींना बोलावते. दुसरी पीएलसीई१: तिच्यातल्या मोठ्या दोषामुळे मुलांच्या मूत्रपिंडातून प्रथिने गळतात, म्हणून रक्तवाहिन्यांच्या गळतीशी तिचा संबंध असावा असा तर्क आहे. क्युबाच्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडणारे काम २०१७ मध्ये बेआत्रिस सिएरा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. मिश्र वंशाच्या क्युबन लोकांच्या जनुकसंचात आफ्रिकेकडून आलेला तुकडा नेमका कुठे बसला की गंभीर आजार टळतो, हे त्यांनी शोधले. ओएसबीपीएल१० आणि आरएक्सआरए ही दोन नावे पुढे आली, आणि दोन्हींचा संबंध पेशीतल्या स्निग्ध पदार्थांच्या कारभाराशी आहे. डेंग्यूच्या विषाणूला वाढायला पेशीतले हेच स्निग्ध पदार्थ लागतात. त्वचेच्या रंगाशी या जनुकांचे काही नाते नाही. गोऱ्या दिसणाऱ्या क्युबन माणसात ती आफ्रिकी रूपात असू शकतात, आणि काळ्या दिसणाऱ्यात नसूही शकतात.

आता आकार पाहू, कारण अनेकदा तोच सांगायचा राहतो. व्हिएतनामच्या अभ्यासात एमआयसीबीच्या जोखमीच्या रूपाने शॉकची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने वाढत होती. दुसऱ्या बाजूला क्युबाच्याच दोन साथींची तुलना ठेवा. १५ ते ३९ वयाच्या लोकांत दुसरा संसर्ग पहिल्यानंतर चार वर्षांनी झाला तेव्हाच्या मृत्यूदरापेक्षा तो वीस वर्षांनी झाला तेव्हाचा मृत्यूदर ३८.५ पट होता. लोक त्याच देशाचे, संसर्गांचा क्रम तोच. मधला काळ तेवढा बदलला होता. इतिहास आणि जनुक यांचे वजन इथे समोरासमोर दिसते. इतिहास न विचारण्याची किंमत फिलिपाइन्सने मोजली. २०१६ पासून तिथे आठ लाखांवर मुलांना डेंग्यूची लस टोचली गेली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये खुद्द उत्पादक कंपनीने सांगितले की ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही त्यांच्यात लशीमुळे पुढचा संसर्ग अधिक गंभीर होऊ शकतो. पूर्वी संसर्ग झाला आहे का, हा एकच प्रश्न आधी विचारायला हवा होता. आफ्रिकी वारसा म्हणजे कवच, असे ज्यांना अजूनही वाटते त्यांनी २०२३ मधले बुर्किना फासो पाहावे. तिथल्या साथीत शेकडो माणसे दगावली. वारशाने जोखीम कमी-जास्त होते. डेंग्यूने माणूस मरतच नाही असा कोणताही वंश नाही.

क्युबाच्या १९८७ च्या यादीतली एक ओळ मात्र जितकी चर्चिली जायला हवी होती तितकी चर्चिली गेली नाही, आणि आपल्यासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. त्या यादीत गोऱ्या वर्णाबरोबर सिकलसेलही होता. सिकलसेलचे जनुक क्युबात प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळते. म्हणजे एकाच समूहाच्या वारशातली काही जनुके डेंग्यूपासून राखत होती आणि दुसरे एक जनुक, दोन्ही पालकांकडून आले तर, त्याच रोगात जीव धोक्यात घालत होते. समूहाच्या नावाने बोलण्याची पद्धत इथे पूर्ण कोलमडते. हेच जनुक विदर्भातल्या अनेक समाजांत आणि गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत मोठ्या प्रमाणात आहे. आपल्याकडे डेंग्यूचा इतिहास क्युबासारखा तारखांनी बांधलेला नाही: २०१७-१८ मध्ये देशभरात झालेल्या रक्त तपासणीत ५ ते ४५ वयाच्या ४८.७ टक्के लोकांना डेंग्यू होऊन गेल्याचे आढळले, पश्चिम भारतात ६२.३ टक्के, पण कोणाला कोणता प्रकार कोणत्या वर्षी झाला हे कोणीच सांगू शकत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम भारतातल्या रुग्णांचे एचएलए प्रकार तपासले आहेत आणि ते काम पुढे जायलाच हवे. त्याचा उपयोग एखाद्या रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचायला अजून वेळ लागेल. सिकलसेलची तपासणी मात्र आज उपलब्ध आहे, स्वस्त आहे, आणि जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेतून सात कोटी लोकांपर्यंत ती न्यायचे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेनुसार सिकलसेलसारखा रक्तपेशी फुटण्याचा जुना आजार असलेल्या डेंग्यूच्या रुग्णाला धोक्याची चिन्हे दिसण्याची वाट न पाहता दाखल करून घ्यायचे असते. पावसाळ्यात तापाचा रुग्ण समोर आला की विदर्भातल्या आणि खानदेशातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला सिकलसेलबद्दल विचारलेच पाहिजे, आणि ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी तो न विचारताही डॉक्टरांना सांगावा.